घाटात इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकला. बॅटरीची वायर काढून घालवला, आता काळजी नाही ना?

आपण लिहिले आहे की चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आपल्या टर्बो पेट्रोल गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा आधी लुकलुकला, गाडीची ओढ कमी झाली, मग तो स्थिर राहिला आणि परतल्यावर मेकॅनिकने बॅटरीची वायर काढून तो घालवला. माझ्या मते निर्धास्त राहू नये. बिघाड जागच्या जागी आहे, गाडीच्या संगणकातली त्याची नोंद तेवढी पुसली गेली असण्याची शक्यता आहे.

स्थिर पिवळा दिवा लागला आणि गाडी सुरळीत चालत असली, तर बेताने चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकणारा दिवा मात्र बहुधा मिसफायरचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचा असतो. त्या वेळी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन जळते आणि त्या उष्णतेने त्याचा आतला गाभा वितळू शकतो. म्हणून ॲक्सिलरेटर लगेच सोडावा आणि लुकलुकणे थांबले नाही तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी. हे घाटातच का घडले, याचेही कारण आहे. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या भागाचा, दाब वाढला की प्लगची ठिणगी पडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे थकलेली इग्निशन कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारा भाग) किंवा गॅप वाढलेला प्लग सपाट रस्त्यावर निभावून नेतो आणि चढावर दगा देतो.

दिवा पुन्हा लागल्यास काहीही पुसण्याआधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाडाच्या क्षणीचे आरपीएम, लोड आणि कुलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान, लिहून घ्यावे. समजा, पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवून गाडी चालवून पाहावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब; पी०३०२ च राहिला तर प्लग आणि त्यानंतर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासावा. कोड तक्रार सांगतो, सुटा भाग सांगत नाही. तरीही कोड पाहून थेट महागडा भाग बदलण्याची घाई सर्रास होते.

लाल दिव्यांना मात्र गॅरेजपर्यंत चालवत नेण्याची ही सवलत नाही. ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला तर पुढचे गाव गाठण्याचा विचारही न करता इंजिन बंद करावे, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारा टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावरच तोललेला असतो. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबावेच. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेलेला असताना तर गरम कुलंटचे झाकण अजिबात उघडू नये.