पहिल्या शर्यतीआधीचा शनिवार

रविवारी पहिली सायकल शर्यत आहे ना, मग मुलांना डॉ. कोटणीस स्मारक शनिवारी सकाळीच दाखव. आपल्या सोलापूरचे डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. मुलं खूप प्रश्न विचारतील, घाई करू नकोस. दुपारनंतर मात्र पायांना आराम. रात्री नेहमीचंच जेव.

शर्यतीत जपायचं ते स्वतःचं पुढचं चाक. ते पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी नेलंस आणि तो जरा जरी वळला, की चाकं घासतात. तो बहुधा सावरतो, पडतोस तू. अंतर ठेव, नजर त्याच्या खांद्यापलीकडे असू दे. तहान नसली तरी घोट घोट पाणी पीत राहा, आपल्याकडचं ऊन लवकर चढतं. घरच्यांना शेवटच्या रेषेपाशी नको, चढावर उभं कर. तिथं वेग कमी असतो, त्यांना तू नीट दिसशील.