जनुकांवरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजावरच्या ‘गॅटाका’ चित्रपटातला व्हिन्सेंट फसवणूक करूनच पुढे जातो ना? मग जनुकं तपासून योग्य माणूस निवडण्यात वाईट काय?

फसवणूक तो करतोच. जेरोम या अव्वल जनुकांच्या माणसाचं नाव, त्याचं रक्त, त्याची लघवी वापरून गॅटाका या अंतराळ कंपनीत नोकरी मिळवतो. ट्रेडमिलवर तर जेरोमच्या हृदयाचे रेकॉर्ड केलेले ठोके यंत्राला ऐकवतो, आणि ते संपल्यावर त्याचं स्वतःचं हृदय कसं धडधडतं ते आपल्याला दिसतं. अशा माणसाला शनीच्या टायटन या चंद्राकडे पाठवावं का, ही तुमची शंका रास्त आहे. यानात तो एकटा नसणार.

पण त्या समाजाने ही शंका कधी घेतली ते पाहा. बाळ जन्मून काही क्षण होतात तोच परिचारिका वाचून दाखवते: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य ३०.२ वर्षं. वडील तिथल्या तिथे नाव बदलतात. अँटन हे स्वतःचं नाव ते पुढच्या, जनुकं निवडून जन्माला घातलेल्या मुलासाठी राखून ठेवतात. बालवाडी व्हिन्सेंटला घेत नाही, कारण तो पडला तर विमा भरपाई देणार नाही. मोठेपणी गॅटाकात पाऊल ठेवायला मिळतं ते साफसफाईसाठी. भेदभाव तिथेही कायद्याने बंद आहे, पण कायदा कुणी मनावर घेत नाही, आणि मुलाखत म्हणजे फक्त लघवीचा नमुना. हृदय तपासून त्याला कुणी नाकारलेलंच नाही. हृदयापर्यंत कुणी पोचलंच नाही.

हे मला इतकं लागतं, कारण मी इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सिकल सेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी या रक्ततपासणीला आमच्याकडे झाबुआ-अलिराजपूरकडची माणसं सिकल सेलसाठी येतात, शहरातली थॅलेसेमियासाठी. रिपोर्टवर ‘मायनर’ किंवा ‘ट्रेट’ आलं तर तो माणूस वाहक असतो, आजारी नव्हे. बहुतेक वाहक आयुष्यभर ठणठणीत असतात. दोघंही वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला मूळ आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी तपासणी व्हायलाच हवी, असं मी भेटेल त्याला सांगते. १ जुलै २०२३ला आपल्याच मध्य प्रदेशात शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. त्याचा मला आनंदच आहे.

आणि तरी काउंटरवर कुणीतरी आई हळूच विचारते, ‘मॅडम, हे मायनर लिहिलंय ते काढता नाही का येणार? स्थळ हातचं जाईल.’ रिपोर्ट बदलता येत नाही. मी तिला समजावते की मुलगा वाहक नसेल तर बाळाला मेजरची, म्हणजे मूळ आजाराची भीती नाही, त्याचीही तपासणी करून घ्या. मुलाकडच्यांना असं सांगायची तिची हिंमत होत नाही. पत्रिकेतल्या मंगळाची जागा आता रिपोर्टने घेतली आहे, आणि तोही बघितला जातो एकाच बाजूचा.

विम्याचंही तसंच. हृदयाच्या स्नायूंचा एक विकार असलेल्या माणसाचा दावा ‘आनुवंशिक आजार’ म्हणून फेटाळला गेला होता. फेब्रुवारी २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा सरसकट भेद घटनेच्या चौदाव्या कलमाविरुद्ध ठरवला. अमेरिकेत २००८पासून यावर स्वतंत्र कायदा आहे, पण तो नोकरी आणि आरोग्यविम्यापुरता. आयुर्विमा त्याच्या बाहेर राहिला.

थॅलेसेमिया एका जनुकाचा मामला आहे, म्हणून आम्ही ठामपणे बोलू शकतो. बुद्धी, चिकाटी, बहुतेक हृदयरोग यांत हजारो जनुकांचा कणाकणाने वाटा असतो, शिवाय खाणंपिणं, घर, शाळा. तिथे टक्केवारी निघते ती समूहाची, समोर बसलेल्या एका मुलाची नाही. आमच्या इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंग क्लासेसनी उद्या प्रवेशाच्या फॉर्मसोबत लाळेचा नमुना मागितला तर पालक रांगा लावतील, याची मला खरोखर भीती वाटते.

महत्त्वाकांक्षा तर कुठल्याच नमुन्यात सापडत नाही. जेरोमकडे सगळं अव्वल होतं. पोहण्यात रौप्यपदक मिळालं आणि तो आपणहून गाडीसमोर गेला. पहिला नंबर त्याला जन्मतःच कबूल केलेला होता, त्यामुळे दुसरा आल्यावर जगायचं कशासाठी हे त्याला उमगेना. व्हिन्सेंटला कुणी काहीच कबूल केलेलं नव्हतं. समुद्रात भावाशी शर्यत लावताना तो परत यायला ताकद शिल्लकच ठेवत नाही. मला ते दृश्य थोर वाटतं, आणि धोक्याचंही. असा माणूस स्वतःच्या जिवाची पर्वा करणार नाही, म्हणून तुमची शंका तिथे पटते.

म्हणून निवड माझ्या हातात असती तर मी त्याचा ईसीजी काढला असता, इको केला असता, ट्रेडमिलवर त्याचेच ठोके ऐकले असते. नापास झाला तर टायटनवर पाठवलं नसतं. पण दहा लाख कळा दाबून एकही चूक नाही, अशी त्याच्या कामाची तारीफ गॅटाकाचा खुद्द संचालक करतो. मोहिमेचं गणित तो जमिनीवर बसून, व्हिन्सेंट फ्रीमन याच नावाने करू शकला असता. एवढी जागा मिळाली असती तर त्याला जेरोम व्हावं लागलं नसतं.