राखणीची पिल्लं कुणाला द्यायची?

प्रश्न : आमची ग्रेट पायरेनीज (कळप राखणाऱ्या मोठ्या कुत्र्यांची जात) मादी मेंढ्यांबरोबरच राहते, तिला सात पिल्लं झालीत. आता सहा आठवड्यांची आहेत, कोकरांना चिकटून झोपतात. सगळी ठेवणं जमणार नाही. फोटो टाकल्यापासून मेसेजचा पाऊस पडतोय, कुणाला फ्लॅटमध्ये हवंय, कुणाला मुलांना खेळायला. घरचे म्हणतात जो आधी येईल त्याला देऊन टाक, पण माझा जीव होत नाही.

उत्तर : जीव होत नाही ते बरोबरच आहे, घाई करू नका. आठ आठवड्यांच्या आत तर एकही पिल्लू आईपासून तोडू नका, आणि दहा-बारा आठवडे ठेवता आलं तर फारच छान. या वयात पिल्लू जे बघतं, हुंगतं ते त्याला आपलं वाटायला लागतं, आणि राखणीचं सगळं काम या आपलेपणावरच चालतं. एखादं पिल्लू मेंढीकडे अंग चोरून, नजर खाली घालून जातं, तिचं तोंड चाटतं आणि जरा जास्त झालं की डोक्याची ढुशी खाऊन गपचूप बाजूला बसतं, बघितलं असेलच तुम्ही. हा धडा माणूस देऊ शकत नाही हो.

तोवर जंताचं औषध आणि लशी वेळेवर करा, पार्वोची (पिल्लांच्या जिवावर बेतणारा जुलाब-उलट्यांचा रोग) लस एकदा टोचून भागत नाही, सोळा आठवड्यांपर्यंत डोस चालू राहतात, म्हणून कुठले झाले ते लिहूनच नव्या घरी द्या.

आता घर. फ्लॅटवाल्यांना स्पष्ट नाही म्हणा. हा कुत्रा चाळीस-पन्नास किलोचा होतो, रात्रभर जागतो आणि भुंकतो, कारण भुंकून लांडग्या-कोल्ह्याला लांब ठेवणं हेच त्याचं काम आहे, आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या की त्याच कुत्र्याला घराबाहेर काढतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता राग येतो. कळप मेंढ्यांचाच हवा असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी पेंग्विन संपवत आणले होते, २००५ साली दहासुद्धा उरले नव्हते, २००६ पासून तिथे मरेमा जातीचे राखणदार कुत्रे ठेवले आणि पेंग्विन परत वाढले. म्हणजे शेळ्या, बदकं काहीही चालेल, पण राखायला कुणीतरी हवं, भक्कम कुंपण हवं आणि रोज लक्ष देणारा माणूस हवा. येणाऱ्याला एवढंच विचारा की रात्री हा कुठे असेल. उत्तर साखळीला असं आलं तर पिल्लू देऊ नका. आणि नाही जमलं तर परत आणा, हे प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : असंच एक पिल्लू आणलं होतं, आता दहा महिन्यांचं आहे. कोंबड्यांमागे पळतं, काल एक मेली. परत देऊ का?

उत्तर : नका देऊ. हे अडनिडं वय आहे, त्याला तो खेळ वाटतोय. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत कोंबड्या आणि कोकरांजवळ त्याला एकटं सोडायचंच नाही. तुम्ही असाल तेव्हा लांब दोरीवर घेऊन कोंबड्यांजवळ बसा, अंग ताठलं, नजर एकीवर खिळली की तिथेच थांबवा, पळाल्यावर ओरडून उपयोग नाही. एरवी मोठ्या, न घाबरणाऱ्या शेळ्यांत ठेवा, त्या बरोबर वठणीवर आणतात.