रद्द करण्याचं बटण टॉकबॅकला सापडत नाही, पैसे मात्र कापले गेले

प्रश्न: मला अजिबात दिसत नाही, मोबाइल टॉकबॅकवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) वापरतो. एका खासगी कंपनीच्या अ‍ॅपचं वार्षिक सभासदत्व घेतलं होतं. अपडेटनंतर बहुतेक ठिकाणी नुसतं 'बटण' ऐकू येतं आणि 'सभासदत्व रद्द करा' तर सापडतच नाही. मुदत संपताच पुढच्या वर्षाचे पैसे कापले गेले. ग्राहक सेवेचं उत्तर : 'घरातल्या कुणाकडून करून घ्या.' खासगी कंपनीला कायदा लागू होतो का?

उत्तर: होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवादात्यांसाठी आहे. ग्राहक सेवेचं ते उत्तर लेखी असेल तर जपून ठेवा. आपला पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देण्याचा सल्ला कंपनीनेच दिल्याचा तो पुरावा आहे.

आधी गळती थांबवा. पैसे यूपीआयमधून कापले जात असतील तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागातून ती परवानगी रद्द करता येते. कार्डावरून जात असतील तर बँकेला लेखी कळवा.

मग पुरावा, आणि तोही लगेच, कारण पुढच्या अपडेटनंतर आजचा दोष दाखवता येणार नाही. अ‍ॅपचं स्वयंचलित अपडेट बंद करा. 'अ‍ॅप चालत नाही' अशी तक्रार टिकत नाही. कोणता स्क्रीन, कोणती कृती, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं, असं एकेका दोषाचं लिहा. सोबत अ‍ॅप, अँड्रॉइड आणि टॉकबॅक यांच्या आवृत्त्या व तारीख नोंदवा. टॉकबॅकच्या डेव्हलपर सेटिंग्जमध्ये उच्चारलेला मजकूर पडद्यावर दाखवण्याची सोय आहे. ती सुरू करून स्क्रीन रेकॉर्डिंग करा, म्हणजे टॉकबॅक काय बोलला हे तक्रार ऐकणाऱ्याला वाचताही येईल. पैसे भरण्याच्या स्क्रीनवर रेकॉर्डिंग बहुधा काळं येतं. तिथे दुसऱ्या फोनने चित्रण करा. दोष तुमच्याच फोनचा आहे, असं कंपनी हमखास म्हणेल. म्हणून तीच कृती दुसऱ्या एखाद्या फोनवरही करून दाखवा. रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

यानंतर कंपनीला लेखी नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत पुरे. पुढे दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नका. पैसे हवेत त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, घटनेपासून २ वर्षांच्या आत, आणि सेवेसाठी तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. सेवेतील त्रुटीसोबत डार्क पॅटर्न्सविषयीच्या (ग्राहकाला फसवणारी किंवा अडकवणारी अ‍ॅपची रचना) २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही आधार घ्या. सभासदत्व रद्द करणं अशक्य किंवा किचकट करून ठेवणं त्यांत स्पष्टपणे निषिद्ध आहे.

अ‍ॅप दुरुस्त व्हावं यासाठी दिव्यांगजन मुख्य आयुक्तांकडे जा. वकील लागत नाही. त्यांचा आदेश शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, ही या वाटेची खरी कमजोरी. तरीही नोटीस आल्यावर कंपन्या हलतात. कंपनीचा वकील म्हणेल, याच कायद्याखालच्या नियमांतला सुगम्यतेचा (दिव्यांगांना सेवा वापरता येण्याचा) नियम १५(१) सर्वोच्च न्यायालयानेच २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात अवैध ठरवला. बरोबर आहे, पण का? तो केवळ मार्गदर्शक होता, कायद्याला हवी तितकी सक्ती त्यात नव्हती म्हणून. त्यातून कंपनीला सूट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात तर डिजिटल सेवांची सुगम्यता अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडली गेली. हे दोन्ही निकाल तक्रारीतच नमूद करा.

मागणी मोघम नको. प्रत्येक बटणाला अर्थपूर्ण लेबल, सभासदत्व रद्द करण्यापर्यंतचा पूर्ण मार्ग स्क्रीन रीडरवर चालणारा, आयएस १७८०२ या सुगम्यतेच्या भारतीय मानकाचं पालन, आणि यापुढे प्रत्येक अपडेट प्रसिद्ध करण्याआधी टॉकबॅक व व्हॉइसओव्हरवर (आयफोनचा स्क्रीन रीडर) चाचणी, असं मुद्देसूद मागा. शेवटची मागणी गाळू नका. ती नसेल तर आज दुरुस्त झालेलं बटण पुढच्या अपडेटमध्ये पुन्हा मुकं होऊ शकतं.