जर्मनीत मास्टर्स करतोय. रेसिडेन्स परमिट संपत आलंय आणि वेळेत टेर्मिन (कार्यालयातल्या भेटीची वेळ) मिळत नाहीये. काय करू?

आधी अर्ज पाठवा, टेर्मिनचं नंतर बघू. तुमचं परमिट ऑक्टोबरअखेर संपतंय, आउसलँडरबेहोर्डेने, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने, जानेवारीची तारीख दिलीय, आणि मध्ये डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला जायचंय. यात खरी अडचण लग्नाची आहे. बाकीचं कायद्यानेच सोडवून ठेवलंय.

जर्मन रहिवास कायद्याच्या कलम ८१, पोटकलम ४ नुसार मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज केलेला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत जुनंच परमिट चालू आहे असं धरलं जातं. आदल्या दिवशी अर्ज पोचला तरी चालतं. मुदत उलटल्यावर पोचला तर मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर आलात. नुसती टेर्मिन बुक केली म्हणजे अर्ज झाला, असं समजून बसू नका. शहराचं ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथून करा, नसेल तर ईमेलने, आणि वर एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने. मी ईमेलही केली होती आणि तोच गठ्ठा कार्यालयाच्या दारातल्या पत्रपेटीतही टाकला होता. जर्मनीत असल्या गोष्टीला कोणी हसत नाही. पोच मात्र जपून ठेवा.

कागद बहुतेक तुमच्याकडे असतीलच: पासपोर्ट, चालू सेमिस्टरचं प्रवेशपत्र, आरोग्य विम्याचा दाखला, घराचा करार, मार्कांची यादी. फोटो मे २०२५ पासून डिजिटलच लागतो. डीएम या साबण-शाम्पूवाल्या दुकानसाखळीत काढून मिळतो, सोबत क्यूआर कोड देतात. पासपोर्टची तारीखही बघून घ्या, कारण परमिट त्याच्या पुढचं देत नाहीत. नूतनीकरण बर्लिनच्या दूतावासात किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गच्या वकिलातीत होतं.

अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे पैसा. सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४, असा हिशोब धरतात. येताना श्पेरकोंटो (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणारं बंद खातं) भरावाच लागला असेल, पण वाढीच्या वेळी वेर्कश्टुडेंटचा, म्हणजे शिकता शिकता करायच्या नोकरीचा, करार आणि मागच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा बऱ्याच ठिकाणी चालतात. थोडा पगार, थोडी शिल्लक असंही जमतं. नेमकं काय चालेल हे शहरागणिक बदलतं, त्यामुळे म्युनिकच्या मित्राचं ऐकून तुमच्या गावात वाद घालू नका.

दुसरं म्हणजे अभ्यास. ठरलेली चार सेमिस्टर संपली आणि थीसिस बाकी आहे, तर घाबरायचं कारण नाही. अशी उदाहरणं त्यांच्याकडे ढिगाने असतात. अभ्यासक्रम वाजवी वेळेत पुरा होईल, एवढं त्यांना दिसलं पाहिजे. थीसिस कधीपर्यंत होईल याचं प्रोफेसरांचं दोन ओळींचं पत्र आधीच जोडून टाका, मागण्याची वाट बघू नका.

आता लग्न. भारतात जाऊन परत यायचं तर फिक्शन्सबेशाइनिगुंग हातात हवं, म्हणजे अर्ज निर्णयाविना पडून आहे आणि जुना हक्क शाबूत आहे, असं लिहून दिलेला कागद. बऱ्याचदा तो मागितल्याशिवाय मिळत नाही. मिळाला की लगेच बघा, आत तीन चौकोन असतात. खूण तिसऱ्या चौकोनावर, म्हणजे कलम ८१ पोटकलम ४ वर असेल, तरच परत येता येतं. पहिल्या चौकोनावर असेल तर जर्मनीतल्या जर्मनीत राहा, तिकीट रद्द करा. त्या कागदालाही स्वतःची मुदत असते. ती तुमच्या परतीच्या तारखेनंतरची हवी. जुनं कार्ड संपलं म्हणून घरी ठेवून जाऊ नका, तिन्ही गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात: पासपोर्ट, जुनं कार्ड आणि हा कागद. आणि शक्यतो मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं विमान घ्या. मधल्या एखाद्या विमानतळावर रात्री दोनला काउंटरवरच्या मुलाला जर्मन कायदा समजावत बसणं फार जिकिरीचं असतं.

नोकरी थांबवायची गरज नाही, वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्ध्या दिवसांची तीच सवलत पुढे चालू राहते. कागदाची प्रत एचआरला देऊन ठेवा, नाहीतर तेच हैराण होतात.

कागद मागताना ईमेलच्या विषयातच प्रवासाची तारीख लिहा, तिकीट आणि लग्नपत्रिका जोडा (पत्रिका मराठीत असली तर खाली दोन ओळी जर्मनमध्ये). नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उत्तर आलं नाही तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन बसा. त्यांची बेहोर्डेत ओळख असते, आणि आपल्या दहा ईमेलींनी जे होत नाही ते कधी कधी त्यांच्या एका फोनने होतं.