ठराव पास झाला, पण रजिस्ट्रारकडे अर्जच गेला नाही

एका हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेल आलाय. ६४ फ्लॅट. सप्टेंबर २०२२ च्या एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) त्यांनी २०१४ चे मॉडेल बायलॉज, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना उपविधी, स्वीकारल्याचा ठराव केला आणि त्याच दिवशी स्वतःची एक नियमावलीही पास केली. त्यात बॅचलर भाडेकरू नकोत, ठेवले तर दरमहा दंड, शिवाय भाड्याच्या फ्लॅटला सरसकट ३००० रुपये महिना नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो). एका सभासदाने दोन नोकरी करणाऱ्या मुलांना फ्लॅट दिला, त्याच्या नावावर आता व्याजासकट ८६ हजार दाखवलेत, तो भरत नाही, उलट उपनिबंधकांकडे (सहकार खात्याचे स्थानिक रजिस्ट्रार) तक्रार करून बसलाय. प्रश्न असा की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा रजिस्ट्रारचा आदेश) मिळेल का, आणि तोपर्यंत त्याचं पाणी कमी केलं तर चालेल का.

पाण्याचं आधी सांगतो. नाही. त्याच्या फ्लॅटच्या व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही, कमिटीत कितीही जणांचं मत पडलं तरी नाही. आज तो थकबाकीदार म्हणून तुमच्यासमोर आहे, पाणी तोडलंत की उद्या तो पीडित म्हणून पोलीस स्टेशनात उभा राहील आणि खरी भानगड काय होती ते कुणी विचारणारही नाही.

आता मुख्य मुद्दा. साहेब, तुम्ही चार पानं लिहिलीत, ठरावाला किती जण हजर होते, किती जणांनी हात वर केले, त्या सभासदाने स्वतः कसा हात वर केला होता, सगळं लिहिलंत. फक्त एक गोष्ट नाही लिहिलीत, ती मला तुम्ही जोडलेल्या कागदांवरून कळली. बायलॉजची जी प्रत पाठवलीत तिच्यावर रजिस्ट्रारचा शिक्का सोसायटी स्थापन झाली तेव्हाचा आहे. २०१४ चे बायलॉज नोंदल्याचं प्रमाणपत्र कुठे आहे? फोन करून विचारलं तर म्हणालात की ते काम तेव्हाच्या खजिनदारांकडे दिलं होतं, त्यांनी फ्लॅट विकला आणि ते गेले.

म्हणजे अर्ज गेलाच नाही. सगळं प्रकरण इथेच संपतं खरं तर.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०, कलम १३. बायलॉजमधली कुठलीही दुरुस्ती नोंदली जात नाही तोपर्यंत वैध नाही. सभेने एकमताने पास केली तरी नाही. आणि १९६१ च्या नियमांमधला नियम १२ सांगतो की हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बहुमताने ठराव झाला पाहिजे आणि सभेच्या तारखेपासून दोन महिन्यांत तो रजिस्ट्रारकडे पाठवला पाहिजे. तुमची सभा सप्टेंबर २०२२ ची, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत अर्ज आत जायला हवा होता. त्याऐवजी तुम्ही मॉडेल बायलॉजचं पुस्तक दुकानातून आणलंत, वर सोसायटीचा रबर स्टॅम्प मारलात आणि सगळ्यांना वाटलंत. ते पुस्तक तुमच्या सोसायटीचे बायलॉज नाहीत. तुमचे बायलॉज अजून ते जुने, पिवळ्या पानांचेच आहेत आणि ते मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिले, त्यात सभासदाला असा दंड लावायचा अधिकार देणारं कलम मला सापडलं नाही.

मला याचा खरंच त्रास होतो, कारण हा एका सोसायटीचा प्रश्न नाहीये. एजीएमला तीन तास भांडायला सगळ्यांना वेळ असतो, पार्किंगवरून खुर्च्या उचलण्यापर्यंत जातं, आणि त्यानंतर एक अर्ज, ठरावाची प्रत आणि दुरुस्तीचा मसुदा घेऊन उपनिबंधक कार्यालयात जायला माणूस मिळत नाही. मग दोन-तीन वर्षांनी माझ्याकडे येतात की वकीलसाहेब ठराव तर पास झालाय.

तुम्ही म्हणता की त्याने स्वतः ठरावाला होकार दिला होता, मग आता मागे कसा फिरतो. सोसायटी आणि सभासद यांना बांधून ठेवतात ते बायलॉज. २००५ च्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सभासदावर बायलॉज बंधनकारक मानले ते याच आधारावर की सोसायटीत येताना तो ते मान्य करून येतो. पण तो मान्य करतो ते नोंदलेले बायलॉज, तुमची नियमावली नव्हे. वर केलेला हात तुम्हाला युक्तिवादात थोडाफार उपयोगी पडेलही, मी नाही म्हणत नाही, पण ज्या अधिकाराचा पायाच नाही तो हात वर करून तयार होत नाही.

आता नियमावलीतले काही नियम असे आहेत ज्यांना नोंदणी वगैरे लागत नाही. गच्ची किती वाजता बंद, लहान मुलांच्या खेळाची वेळ, फर्निचर न्यायला कुठली लिफ्ट, असं रोजचं. बायलॉजच्या चौकटीत राहून जनरल बॉडी ते ठरवू शकते आणि ते चालू ठेवा. ज्या क्षणी तुम्ही सभासदाच्या खिशात हात घालता किंवा त्याच्या फ्लॅटच्या वापरावर बंधन आणता, त्या क्षणी मला बायलॉजमधलं कलम दाखवा, बस. कुत्र्यांबद्दलचा तुमचा नियम मी सध्या बाजूला ठेवायला सांगेन, पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदीच्या विरोधात आहेत, त्या सोसायटीवर नेमक्या किती बंधनकारक यावर वाद होऊ शकतो पण तो वाद तुम्ही आत्ता ओढवून घेऊ नका.

बॅचलरचा नियम तर नोंदणीला पाठवलात तरी मला शंका आहे. सभासदाने भाडेकरूची माहिती द्यावी, लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलेला असावा (तो रजिस्टर करणं भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तसंही सक्तीचं आहे), पोलिसांना कळवावं, हे मागणं बरोबर. भाडेकरू लग्न झालेला आहे की नाही हे कमिटीने ठरवणं, हे मी तुमच्या वतीने कोर्टात मांडणार नाही. मुलं रात्री दंगा करत असतील तर दंग्याबद्दल तक्रार लिहा, तारीख वार घाला, ते टिकतं.

३००० चं तर बोलूच नका. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवर सरकारने याच सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातलीय, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के, त्यात म्युनिसिपल टॅक्स धरायचा नाही. मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये माँ ब्लाँ सोसायटीच्या केसमध्ये ही मर्यादा कायम ठेवली. हे ना तुमची एजीएम बदलू शकते ना नोंदलेले बायलॉज. तुमच्या बिलाप्रमाणे सर्व्हिस चार्ज महिना २२०० आहे, म्हणजे २२० रुपये. ३००० घेताय. फक्त याचे नाही, भाड्याने दिलेल्या सगळ्या फ्लॅटचे जास्तीचे पैसे परत किंवा पुढच्या बिलात वळते करावे लागतील आणि हे तुम्ही आपणहून केलंत तर बरं.

अजून एक, जे तुम्हाला लक्षातही आलं नाहीये आणि मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. तो माणूस मेंटेनन्सचा चेक दर महिन्याला देत होता. तुमच्या अकाउंटंटने तो आधी दंडात जमा केला आणि मेंटेनन्स थकीत दाखवून त्यावर २१ टक्के व्याज लावलं. मग तो डिफॉल्टर, मग त्याचा निवडणुकीचा फॉर्म बाद. दंडच अवैध असेल तर हा माणूस एक दिवसही थकबाकीदार नव्हता, आणि मग त्याला ज्या निवडणुकीतून बाहेर ठेवलं तीही प्रश्नात येते. निवडणुकीच्या वादाला मुदत फार थोडी असते त्यामुळे कदाचित ती वेळ निघून गेली असेल, तारखा पाठवा मग बोलू.

वसुली दाखल्याबद्दल. आधी तर १०१ नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलंय, तुमचं कलम १५४बी-२९. तिथे अर्ज टाकलात तर रजिस्ट्रार पहिला प्रश्न विचारणार की दंड कुठल्या नोंदलेल्या बायलॉजखाली, आणि तुमच्याकडे उत्तर नाही. मग तो सभासद कलम ९१ खाली को-ऑपरेटिव्ह कोर्टात जाईल आणि तिथे किती वर्षं तारखा पडतील हे मी आज सांगू शकत नाही, साध्या गळतीच्या केसमध्ये माणसं म्हातारी होताना मी पाहतोय. तुमची टर्म संपेल, पुढच्या कमिटीला फाइलही सापडणार नाही.

तर करायचं काय. कमिटीची मीटिंग घ्या, त्याच्यावरचा दंड आणि दंडामुळे लागलेलं व्याज मागे घेतल्याचा ठराव करा, त्याचे चेक मेंटेनन्समध्ये फिरवून नवीन स्टेटमेंट काढा. त्यानंतरही काही मेंटेनन्स खरोखर बाकी निघाला तर तेवढ्यासाठी १५४बी-२९ चा रस्ता आहे. मग बायलॉजसाठी नव्याने सभा. नोटीस तुमच्या जुन्या, नोंदलेल्या बायलॉजमध्ये जितक्या दिवसांची लिहिलीय तितक्या पूर्ण दिवसांची, बहुतेक १४ असेल, नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. दुरुस्तीचा मसुदा नोटीसला जोडा, "ऐनवेळच्या विषयात" घेऊ नका. मतं मोजा आणि आकडा मिनिट्समध्ये लिहा, "बहुमताने मंजूर" असं मोघम नको. अर्ज दोन महिन्यांची वाट न बघता त्याच आठवड्यात द्या, पोच घ्या. कलम १३ प्रमाणे रजिस्ट्रारने तो दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो, प्रत्यक्षात मागे लागावं लागतं, लागा. प्रमाणपत्र हातात आल्यावर पुढच्या उल्लंघनांसाठी दंड लावता येईल, तोही आधी शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस देऊन आणि सभासदाचं म्हणणं ऐकून मगच. मागच्या तारखेपासून नाही.

उपनिबंधकांकडे सुनावणी या महिन्याच्या शेवटी आहे असं म्हणालात. दंड मागे घेतल्याचा ठराव आणि दुरुस्त केलेलं स्टेटमेंट तिथे जाण्याआधी त्या सभासदाला स्वतः नेऊन द्या, सही घ्या, आणि त्याच कागदांची एक प्रत सुनावणीला घेऊन जा.