वाचकांचे प्रश्न : सगळ्यांचे दिवे लागले, तरी किट कपाटात

प्रश्न : आमच्या केंद्रातल्या २४ शिक्षकांचे आर्डुइनोचे (प्रोग्रॅम घालून दिवे-सेन्सर चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. त्या दिवशी सगळ्यांचे एलईडी लागले. शाळेत गेल्यावर मात्र किट कपाटातून बाहेर आले नाही. पुन्हा प्रशिक्षण ठेवायचे आहे, काय बदलू?
– केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

उत्तर : पहिल्या प्रशिक्षणात जोडणी शिकवली गेली, बिघाड शोधणे राहून गेले. दिवा लागला नाही की तज्ज्ञ येऊन वायर बदलून देतो, आणि नेमके काय चुकले होते ते शिक्षकाला कळतच नाही. वर्गात तीच वेळ आली की तो अडकतो. भर वर्गात एकदा अडकलेला शिक्षक पुन्हा किट काढायला धजत नाही, यात त्याचा दोष नाही.

या वेळी दोघांत एक किट द्या, म्हणजे १२ किट पुरतील. साहित्य थोडेच ठेवा : आर्डुइनो उनो बोर्ड, ब्रेडबोर्ड (डाग न देता छिद्रांत जोडणी करायची पाटी), लाल एलईडी, २२० ओहमचा रोधक, एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा रोधक), १० किलोओहमचा रोधक आणि वायरी. पहिल्या तासात एलईडी आणि एलडीआर दोन्ही चालू करून घ्या. नंतर सगळ्यांना चहाला पाठवा आणि तेवढ्यात प्रत्येक टेबलावर एक बिघाड करून ठेवा. कुठे एलईडी उलटा लावा. कुठे त्याचे दोन्ही पाय एकाच पाच-छिद्री ओळीत खुपसा. कुठे प्रोग्रॅममध्ये पिन १३ राहू द्या आणि वायर १२ मध्ये घाला. कुठे ग्राउंडची वायर काढा. एलडीआरच्या जोडणीतला १० किलोओहमचा रोधक काढलात, तर हात लावा की टॉर्च धरा, बोर्ड दाखवतो तो ० ते १०२३ मधला आकडा १०२३ च्या आसपासच चिकटून बसतो. हा बिघाड सर्वांत मोलाचा, कारण तो शोधताना विभवांतराची विभागणी खरी समजते. दोन रोधकांत ५ व्होल्ट वाटले जातात आणि बोर्ड मधल्या बिंदूचा व्होल्टेज मोजतो. दुसरा रोधकच नसेल तर वाटणी कसली?

प्रत्येक जोडीला दहा मिनिटे द्या. नियम दोनच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. तज्ज्ञाने या वेळात किटला हात लावायचा नाही. हे पाळायला तज्ज्ञांना फार जड जाते, पण पाळायला लावा.

घरी जाताना काम एकच द्या. पुढच्या शिक्षण परिषदेपर्यंत एका वर्गावर एक तासिका घ्यायची आणि मुलांच्या हस्ताक्षरातला निरीक्षण तक्ता घेऊन यायचे : खिडकीपासून १, २, ३ मीटरवर एलडीआरचा आकडा किती आला. परिषदेत त्या तक्त्यांवरच बोला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ते सलग दिवसांत उरकण्यापेक्षा असे तीन-तीन तासांत पसरले तर वर्गापर्यंत पोचतात.

प्रश्न : शाळेच्या परसबागेत मातीचा ओलावा मोजणारा दोन पायांचा सेन्सर लावला. थोड्याच दिवसांत एक पाय हिरवट-काळा पडला आणि आकडे भरकटले. सेन्सर हलका होता का?
– विज्ञान शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : हा सेन्सर असाच झिजतो. ओल्या मातीतून सतत एकाच दिशेने वीज वाहिली की विद्युत अपघटन होते आणि धन बाजूच्या पायाचे तांबे विरघळत जाते. सेन्सरची ५ व्होल्टची वायर काढून पिन ७ ला जोडा. प्रोग्रॅममध्ये पिन चालू करा, १० मिलिसेकंद थांबा, ए० या वाचनाच्या पिनवरचे वाचन घ्या आणि लगेच पिन बंद करा. अर्ध्या तासाने एक वाचन बागेला पुरते. कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये धातू उघडा नसतो, म्हणून तो जास्त टिकतो. मात्र त्याचा वरचा सर्किटचा भाग मातीबाहेर ठेवा आणि कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर कडेने पाणी आत शिरते.

आकड्याला ‘टक्के’ म्हणण्याची घाई नको. उन्हात खडखडीत वाळवलेली ५०० ग्रॅम माती घ्या, दर वेळी ५० मिलिलिटर पाणी नीट कालवा, सारखीच दाबा, सेन्सर सारख्याच खोलीवर रोवा आणि पाच वाचनांची सरासरी घ्या. काळ्या मातीचा आणि मुरमाड मातीचा आलेख मुलांना शेजारी शेजारी काढू द्या, ते एकावर एक बसणार नाहीत. मग दोन पायांच्या सेन्सरने त्याच ओल्या मातीत चमचाभर मीठ कालवून पुन्हा वाचन घ्या. पाणी तेवढेच असूनही माती ‘जास्त ओली’ दिसेल, कारण हा सेन्सर पाणी नव्हे, विद्युतवाहकता मोजतो. खत घातलेल्या वाफ्यातही हीच फसगत होते. सेन्सरचा आकडा तपासून घ्यायची सवय मुलांना या एका प्रयोगातून लागते, म्हणून तो टाळू नका.

प्रश्न : लॅपटॉपवर आर्डुइनो बोर्डचा पोर्टच दिसत नाही.
– प्राथमिक शिक्षक, नांदेड जिल्हा

उत्तर : आधी केबल बदला. मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डवरचा दिवा लागतो, पण माहिती जात नाही. तरीही दिसत नसेल तर यूएसबी सॉकेटजवळची चिप पाहा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० असते आणि जुन्या विंडोजवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. पोर्ट दिसतो पण प्रोग्रॅम चढत नाही, असे असेल तर ० आणि १ या पिनांवर ब्लूटूथसारखे काही जोडले आहे का ते पाहा आणि प्रोग्रॅम चढवताना ते काढून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे ना संगणक ना किट. दोन शिक्षकांचे मोबाइल आहेत.
– शिक्षिका, पालघर जिल्हा

उत्तर : फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. जर्मनीतील आखेन विद्यापीठात ते तयार झाले असून एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय चालते. दोन्ही मोबाइलवर त्यातले ध्वनी-स्टॉपवॉच (एका आवाजाला सुरू होणारे आणि पुढच्या आवाजाला थांबणारे घड्याळ) उघडा आणि मोबाइल बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा. एकाने पहिल्याजवळ टाळी वाजवायची, दुसऱ्याने ती ऐकून दुसऱ्याजवळ. दोन्ही घड्याळांतल्या वेळेचा फरक सुमारे ०.०२९ सेकंद येतो. या फरकात ध्वनीचे जाणे आणि येणे दोन्ही धरले जाते, म्हणून ५ च्या दुप्पट १० मीटरला त्या फरकाने भागा, ध्वनीचा वेग मिळेल. वाऱ्याने किंवा गोंगाटाने घड्याळ आपोआप सुरू होत असेल तर आवाजाची मर्यादा वाढवा, आणि प्रयोग मधल्या सुट्टीत करू नका.